लाल फुल्यांचे पस्तीस दिवस

पडदा वर जातो तेव्हा अमेरिकेच्या दक्षिण सीमेपलीकडच्या आहिहिक गावातल्या, तळ्याकाठच्या नाचशाळेत आरशाशेजारी एक कॅलेंडर दिसतं. इथं नाच शिकवणाऱ्या अमेरिकी वर्ना स्टट्झबाई अमेरिकेत घालवलेल्या प्रत्येक दिवसावर लाल फुली मारत. अमेरिकी नागरिक वर्षात पस्तीसहून जास्त दिवस मायदेशी राहिला, तर परदेशातल्या कमाईवरची करमाफी जाते, असं त्यांना पहिल्याच वर्षी कुणीतरी सांगितलं होतं. एकोणीस वर्षं त्यांनी ते व्रतासारखं पाळलं.

ऑक्टोबरात अमेरिकेतून, ओहायोहून आजारी बहिणीचा, ओपलचा फोन आला. "येतेस का गं?"

"पस्तीस संपले माझे. एक जानेवारीला निघते."

"सरकारची लाडकी लेक गं तू," ओपल हसली.

डिसेंबरात ओपल गेली.

मार्चमध्ये नव्या कर सल्लागाराने, एलिसेओने, कागद चाळले. "बाई, ही दिवसांची मोजणी इथं कायमचं घर नसलेल्यांसाठी. तुम्ही तर इथल्याच झालात. बहिणीकडे दोन महिने राहिला असतात, तरी माफी गेली नसती."

बाईंनी कॅलेंडर उतरवलं, हळूहळू गुंडाळलं.

"ओपल म्हणाली होती, थांबते हं मी जानेवारीपर्यंत."