पॉइंटांवर आलेले डबे

दिग्रसला कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला असणाऱ्यांच्या घरांचं एक ठरलेलं असायचं. दसऱ्यानंतर कापूस सुरू झाला की कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून किराणा रोखीनं घ्यायचा. पावसाळ्यात जिन बंद पडलं, पगार अर्धा झाला, की तोच दुकानदार पुढच्या दसऱ्यापर्यंत उधारीवर सांभाळायचा. लिहिलेलं काही नव्हतं. पण रोखीच्या दिवसांत त्याच्याकडेच गेलं पाहिजे, हे न सांगता कळायचं.

मलाही कळत होतं. तरी गेले यवतमाळला!

माझे हे जिनमध्ये दिवाणजी होते. पगार बँकेत जमा व्हायला लागला आणि बँकेनं यांच्या गळ्यात क्रेडिट कार्ड मारलं. यवतमाळच्या मोठ्या दुकानात कार्डावर खरेदी केली की पॉइंट, पॉइंटांवर फुकट वस्तू. वर्षाची फी होती, पण ठरावीक खरेदी झाली तर तीही माफ. झालं! त्या हंगामात तेल, तुरीची डाळ, साबण, सारं मी एसटीनं यवतमाळहून आणलं. कोपऱ्यावरचा दुकानदार हाक मारायचा, "वहिनी, काहून दिसून नाही राह्यल्या?" मी हसून पुढे जायची. भारी मिजास चढली होती मला.

त्या वर्षी कापूसच धड आला नाही. पावसाळा लागला आणि जिनच्या मालकानं हात वर केले, अर्धा पगारही बंद. त्यातच बँकेचा फोन: खरेदी थोडी कमी पडली, फी लागेल.

हे म्हणाले, "अजून थोडं सामान आणू कार्डावर. फी वाचते, पॉइंटबी वाढतात."

"अन् बिल कोण भरन? तुमचा मालक?" मी ओरडलेच.

हे हळूच म्हणाले, "कार्ड आहे तवर वाटते, पगार होईन." मला रडूच फुटलं. हिशेब करून पाहिला तर वर्षभराचे सारे पॉइंट मिळून फीएवढेही भरत नव्हते. कार्ड बंद करायचं ठरलं. बंद केलं की पॉइंट जाणार, म्हणून आधी त्यांच्यावर जे मिळत होतं ते मागवलं. प्लास्टिकचे डबे.

मग थैली घेऊन कोपऱ्यावर गेले. दुकानदार चिडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, व्यापारी मलेच उधार देऊन नाही राह्यला. ज्यायनं हंगामात माह्याकडून नेलं, त्यायलेच कसंबसं पुरवून राह्यलो. तुमाले कसं देऊ?"

मी हात जोडले. हो, चार बायकांसमोर! "थोडे तांदूळ तरी द्या, भाऊ." तो तराजूकडे पाहत राहिला. मी रिकामी थैली घेऊन घरी आले.

दोन-तीन दिवसांनी डबे आले. छान होते, घट्ट झाकणाचे. यांनी ते एकेक करून धुतले, पुसले, फळीवर मांडले. सगळ्यात मोठा हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "हा तांदळाचा करू काय?"

घरातले शेवटचे तांदूळ तेव्हा गॅसवर शिजत होते.