वरच्या मजल्यावरची भरलेली टाकी

हे प्रकरण कागदोपत्री एका दिवसात मिटलं. माझ्यापुरतं अजून मिटलेलं नाही, म्हणून लिहितोय.

मी तेव्हा छत्रपती संभाजीनगरातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपली आणि एक घरमालक तक्रारी अर्ज घेऊन आला. हौदावरची पाण्याची मोटर पाच दिवसांपूर्वी चोरीला गेली. संशय वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूवर.

"खोली सोडून चाललाय साहेब. लई घाई करतोय."

घाई करणाऱ्यावर पोलिसाचा संशय आधी जातो. भाडेकरूला बोलावून घेतलं. धनगराचा पोरगा, बिडकीनला कंपनीत नोकरी लागलेली, फक्त पोलीस पडताळणी बाकी. तिकडं खोली घ्यायला त्याला इथलं डिपॉझिट परत हवं होतं.

"मोटर कुठं विकली?"

"मेंढरं सोडून काय विकलं नाय साहेब आजवर."

हवालदार हसला. मी हसलो नाही. शांतपणे उत्तर देणारा माणूस मला नेहमी बनेल वाटायचा.

दुपारी पंचनाम्याला गेलो. हौदावर मोटरीची जागा रिकामी होती. तिचे नट मात्र एका डबीत जपून ठेवलेले. चोर असलं काही जपत नाही. वरच्या खोलीची झडती घेतली, काही मिळालं नाही. हात धुवायला नळ सोडला तर धो धो पाणी. मोटरीशिवाय पाणी वर चढत नाही.

"टाकी काल मालकांनीच भरली की," भाडेकरूची बायको म्हणाली.

सोबत आलेल्या मालकानं नजर फिरवली. मोटर त्यानंच काढून ठेवली होती, डिपॉझिट बुडवायला.

ठाण्यात परतल्यावर मी भाडेकरूला म्हणालो, "गुन्हा दाखल झाला तर पडताळणीत दिसेल. डिपॉझिट सोडल्याचं लिहून दे, मालक अर्ज मागं घेईल."

त्यानं कागदाकडं पाहिलं. "टाकी तुमी बी पाहिली ना साहेब?"

"सही कर."

त्यानं केली. पंचनाम्यात मी टाकीबद्दल एक शब्दही लिहिला नाही.

मी त्याच मालकाच्या दुसऱ्या घरात भाड्यानं राहत होतो. माझ्याकडून त्यानं डिपॉझिट घेतलं नव्हतं. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

पुढं मुदतीआधीच निवृत्ती घेतली. उभ्या नोकरीत समोर आलेल्या प्रत्येकाला मी विचारलं, एवढी घाई कसली? त्या दिवशी सगळ्यात जास्त घाई मला होती. मला विचारणारा एकच माणूस समोर बसला होता, आणि मी त्याच्या हातात पेन दिलं.