दगड माझा, तुरुंग पुतळीचा

पुतळी कातकरीण आमच्या गावाजवळच्या वाडीत राहायची. लावणी असो की मिठागर, हाताला मिळेल ते काम करायची. १९८३ च्या उन्हाळ्यात प्यायच्या पाण्यासाठी आम्ही बायका हंडे घेऊन वडखळच्या नाक्यावर बसलो, तेव्हा अंगावरची पोर घेऊन तीही आली. पोलीस दंडाला धरून बायकांना फरफटत उठवायला लागले. मी दगड उचलून भिरकावला. एका शिपायाचं कपाळ फुटलं.

आम्हा सहा जणींना चौकीत नेलं. दिवस मावळायच्या आत माझे दीर हैबतराव गावातली चार माणसं घेऊन आले. घरची बाई चौकीत राहिली तर अब्रू जाईल, हेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. फौजदाराला ते पटलं. पण दगड कुणाच्या तरी नावावर घालायला हवा होता. पुतळीकडं बोट करून त्यानं मला विचारलं, "हिनंच ना?"

मी मान हलवली. पुतळी माझ्याकडं बघत होती.

आम्ही पाच जणी घरी आलो. पुतळीला जिल्ह्याच्या तुरुंगात धाडलं. कोर्टानं जामीन दिला, पण जामीन राहायला सातबारावाला माणूस लागत होता, आणि वाडीत कुणाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. आमच्याकडं होती. मी घरात विषय काढला, तर हैबतराव म्हणाले, त्या लोकांना तुरुंगाची सवय असते. मी पुन्हा विषय काढला नाही.

अकरा महिन्यांनी ती निर्दोष सुटली; शिपायाला तिला ओळखता आलं नाही. तोवर तिच्या नवऱ्यानं, हिरामणनं, दुसरं घर केलं होतं. तुरुंगात राहिलेली बाई त्याला नको होती. पुतळी मुलीला घेऊन रोह्याकडं निघून गेली.

वीस वर्षांनी मी रोह्याला लेकीकडं गेले, तेव्हा शेजारच्या बांधकामावर पुतळी दिसली. तिच्याशेजारी जाऊन बसले. तिनं हळूहळू सांगितलं. आत बाकीच्या बायका तिला पंगतीत घेत नसत. संडास धुणं रोज तिच्याकडंच. पाळीला फडकं मिळत नसे, लुगड्याचा काठ फाडून घ्यायची. दूध आटलं. पोर तिथंच चालायला शिकली, आणि सुटल्यावरही कुणी मोठ्यानं हाक मारली की कैद्यांच्या गिनतीसाठी बसावं तशी उकिडवी बसायची.

मी म्हणाले, "पुतळे, दगड मी मारला होता."

"म्हाईत हाय. मी तुज्या बाजूलाच हुते."

"मग फौजदाराला सांगितलं का नाय?"

"दोनदा सांगितलं. कातकरणीचं कोण लिवून घेतो?"

मी तिचे पाय धरायला वाकले, तर तिनं पाय मागं घेतले. समोर तिची मुलगी शांती विटा वाहत होती. तिला अजून लोक तुरुंगातली पोर म्हणतात, असं पुतळी म्हणाली. "मला नको सांगूस. तिला सांग."

मी शांतीला सगळं सांगितलं, मान हलवल्याचंही. सांगून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "तुमच्या लेकीला ठाव हाय का?"

मी नाही म्हणाले. तिनं घमेलं डोक्यावर घेतलं आणि शिडी चढून गेली.

लेकीचं घर तिथून पन्नास पावलांवर होतं. तिनं चहा केला, उशीर का झाला म्हणून विचारलं. ऊन फार होतं, असं मी सांगितलं.