राळेगावला नेलेली पुस्तकं

धामणगावला गाडीतून उतरले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. डिसेंबरात असं आभाळ इकडे कोणालाच नको असतं. झाडावर फुटलेला कापूस भिजतो. माझ्याजवळ कपड्यांची छोटी पिशवी होती आणि पुस्तकांची जड.

पुण्यात ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाल्यावर मी लोकांना फोनवर पुस्तकं सुचवते. देव न मानणाऱ्यांनी काय वाचावं, यावर एका मासिकात लेख लिहिला होता. तो वाचून राळेगावचे सुधाकरभाऊ फोन करू लागले. शेतपंपाच्या मोटारी दुरुस्त करणारा हा माणूस वाचलेल्या पुस्तकावर माझ्याशी भांडायचा आणि मग नवं मागायचा. दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. "मॅडम, पोरगी गेली. आता माह्यासारख्यानं काय वाचावं?" हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून निघाले.

यवतमाळला बस बदलली. कळंब मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर लागली. शेजारच्या म्हातारीचा पाय माझ्या पिशवीला लागला.

"पोथ्या हायेत का?" तिने विचारलं.

"नाही आजी, पुस्तकं आहेत."

"कायची?"

"देव नाही असं म्हणणाऱ्यांची."

ती रागावली नाही. "मंग रडाले कोनापाशी जातेत ते लोक?" म्हणाली, आणि पदर डोक्यावर घेऊन झोपी गेली.

सुधाकरभाऊ स्टँडवर आले होते. फोनवरच्या आवाजावरून मी धिप्पाड माणूस कल्पिला होता. हे वाळून गेले होते. घरी त्यांच्या पत्नीने, कुसुमवहिनींनी, ज्वारीची भाकर आणि सोल्याची (हिरव्या तुरीच्या दाण्यांची) आमटी वाढली. मला दोनदा आग्रह केला. नवऱ्याचं ताट त्यांनी न बोलता त्याच्यापुढे सरकवलं. आमटी इतकी चांगली होती की ती आवडल्याचीच मला लाज वाटली.

जेवणानंतर भाऊंनी मला दुकानात नेलं. भिंतीशी दोन मोटारी धूळ खात पडल्या होत्या. त्यांनी माझ्यासाठी स्टूल पुसलं आणि सांगू लागले.

पायल कॉलेजात शिकत होती. सुट्टीत सोयाबीन सोंगताना (कापताना) तिला परड (घोणस) चावली. गावाबाहेर देवाचं एक ठाणं आहे. साप चावलेल्याला तिथे निजवतात, कडुनिंबाचा पाला खाऊ घालतात. वहिनी तिकडेच न्या म्हणत होत्या. भाऊंनी पोरीला दवाखान्यात नेलं. इंजेक्शनं दिली, पुढे यवतमाळला हलवलं. रक्त थांबलंच नाही.

"पंधरवड्यात आमच्याच गल्लीतल्या एका बुढ्याले साप चावला," ते म्हणाले. "त्याले ठाण्यावर नेलं. तो चांगला फिरून राह्यला."

"बिनविषारी असेल."

"मले समजते मॅडम. लोकायले कोन सांगनार? माह्याकडे आता कोनी मोटार आनत नाही."

मी पिशवी उघडली. त्यांनी एकेक पुस्तक हातात घेतलं, मागची बाजू वाचली, बाकावर ठेवलं. मग विचारलं, "यातल्या कोनाची पोरगी मेलती का?"

असं एक पुस्तक मला माहीत होतं. देव न मानणाऱ्या एका बापाने मुलगा गेल्यावर लिहिलेलं, पातळसं. त्यात वाद नाहीत, मुद्दे नाहीत. ते मी वर्षानुवर्षं कोणाला सुचवलं नव्हतं, आणि आणलंही नव्हतं. तसं मी सांगितलं.

त्यांनी बाकावरची पुस्तकं एकावर एक रचली. मग म्हणाले, "यवतमाळले नेताना गाडीत ती म्हनाली, बाबा, ठाण्यावर बी नेऊन पाहा ना. रस्त्यातच होतं. मी गाडी थांबू देली नाही. माह्या बरोबरीनं वाचत होती ती सारं. आन् शेवटी असं म्हनाली. तिच्या मायले सांगतलं नाही अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिमझिम सुरू झाली. भाऊ रिक्षा बघायला गेले आणि वहिनी माझ्यासमोर येऊन बसल्या.

"तुमी शिकेल बाई. खरं सांगा, ठाण्यावर नेलं असतं तं वाचली असती का?"

"नाही वहिनी. दवाखान्यात निदान आशा होती."

"पन वाचली नाही."

"नाही."

त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं की नाही, कळलं नाही. मग हळूच म्हणाल्या, "यवतमाळच्या गाडीत तिच्यासंग यायलेच बसू देलं. मले नाही. काय म्हनत होती ती, हे सांगत नाहीत मले. तुमाले सांगतलं का?"

खोटं बोलायचं नाही, असं आयुष्यभर ठरवून वागले. त्या क्षणी 'नाही' हा शब्द ओठांवर आला होता. "सांगितलं," मी म्हणाले. "पण ते तुम्ही त्यांच्याच तोंडून ऐका."

भाऊ रिक्षा घेऊन परतले. रिक्षात बसताना त्यांच्याकडे बघवेना. दोघांच्या मधे मी काय टाकून चालले होते, ते मलाच कळत होतं. यवतमाळपर्यंत पाऊस होता. भिजून पिवळट पडलेला कापूस बोंडांतून लोंबत होता आणि शेतांत माणूस दिसत नव्हतं.

पुण्याला पोचल्यावर ते पातळ पुस्तक शोधलं, पोस्टाने पाठवलं. बरेच दिवस काही कळलं नाही. फोन करायचं मला धैर्य झालं नाही. मग एका दुपारी वहिनींचाच फोन आला.

"पुस्तक भेटलं," त्या म्हणाल्या. "त्यायनं उघडलं आन् ठेवून देलं. मंग मीच वाचून राह्यले. मोठ्यानं वाचते. ते आयकतेत."

"आणि ते दुसरं?" मी विचारलं.

"सांगतलं त्यायनं." त्या म्हणाल्या. "तीन दिवस मी तोंड पाह्यलं नाही त्यायचं. मंग वाटलं, पोरगी भेली होती बाई. तिच्या जागी मी असती तं मीबी तेच म्हनली असती. आन् हे असते तं हेबी."

अजूनही लोक फोन करून विचारतात, काय वाचावं. पूर्वी मी लगेच नावं सांगायची. आता आधी विचारते, घरी कोण कोण आहे.