इसवी सनाची पूर्व बाजू

सुतळीचा वास आला की मला मोखाड्याची शाळा आठवते. वर्गात आडवी सुतळी बांधून मी प्राचीन संस्कृतींची चित्रं कालक्रमाने लटकवली होती; मधली गाठ म्हणजे इसवी सनाची सुरुवात. तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमकं आईबापाबरोबर ठाण्याला राहून आलेल्या मुलीला विचारलं, "हडप्पा कधीचं?" "इसवी सन पूर्व." माझ्या जिवात जीव आला. "पूर्व म्हणजे?" साहेबांनी पुढे विचारलं. ती सरळ उगवतीच्या खिडकीशी गेली. "ही बाजू. आमी ठाण्याला पश्चिमेला उतरतो." आणि सुतळीचं हडप्पाकडचं टोक मी त्याच खिडकीला बांधलेलं! साहेब हसू दाबत म्हणाले, "बाई, शिकवलंय मात्र पक्कं." परवा ठाणे स्टेशनवर मी चुकून पूर्वेला बाहेर पडले. रिक्षावाल्याने विचारलं, "किधर जाना है?" ओठांवर हडप्पाच आलं.