कुणी न मेल्याचा दुखवटा

तांड्यावरच्या शाळेच्या पहिल्याच दिवशी मी दुखवट्याला बसलो. मेलं कुणीच नव्हतं.

झालं असं. मी धारूरच्या सरकारी शाळेत उर्दू शिकवणारा मास्तर. निजाम सरकारचा पगार, डोक्याला पागोटं, आणि लोकांसाठी काहीतरी करावं अशी अधूनमधून उठणारी कळ. किल्ल्यापलीकडे घाटात लमाणांचा तांडा होता. तिथल्या पोरांना, त्यातही पोरींना, सुट्टीच्या दिवशी जाऊन अक्षरं शिकवावीत असं मी ठरवलं आणि घरात तसं जाहीरही केलं. बायको म्हणाली, मीही येते. मी म्हणालो, आधी मी जमवून येतो. परक्या माणसांशी बोलायची एक रीत असते.

तर ती रीत घेऊन मी तांड्यात शिरलो, आणि बघतो तो दोन बाया एकमेकींच्या गळ्यात पडून, खांद्यावर मान टाकून मोठ्या सुरात रडतायत. भोवतीच्या बायांनीही डोळ्यांना पदर लावलेले. मी काय समजायचं ते समजलो. पाट्यांचं गाठोडं खाली ठेवलं, पागोटं काढून मांडीवर घेतलं आणि तांड्याचा मुख्य, म्हणजे नायक, त्याच्या शेजारी मान खाली घालून बसलो. मन घट्ट करा, आपल्या हातात काय आहे, असं दोन-तीनदा म्हटलं. जमलेल्या पोरांना सुट्टी देऊन टाकली. शाळा अजून भरायचीच होती. शेवटी माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

नायक मोठा समंजस माणूस. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला, प्यायला पाणी मागवलं आणि हळूच विचारलं, "मास्तर, तुमच्या घरचं कोन गेलं?"

उलगडा व्हायला जरा वेळ लागला. नायकणीची बहीण नांदूरघाटाकडच्या तांड्यावरून लई दिवसांनी आली होती. या लोकांत बाया अशा भेटल्या की आधी गळ्यात पडून रडून घेतात. मधल्या काळात कोण जन्मलं, कोण आजारी पडलं, तू इतके दिवस का आली न्हाईस, हे सगळं त्या रडण्यातच सुरावर सांगायचं. मग डोळे पुसायचे आणि हसत बसायचं. मी पागोटं परत डोक्यावर ठेवेपर्यंत त्या हसायला लागल्याही होत्या, आणि कशाला हसतायत ते मला विचारावं लागलं नाही.

त्यानंतर मी तांड्यात पाऊल टाकलं की एखादी पोरगी दुसरीच्या गळ्यात पडून गळा काढायची, आणि नायकण गंभीर चेहऱ्यानं विचारायची, मास्तर, आज सुट्टी का?

पुढच्या खेपेपासून मी बायकोला सोबत नेलं. तिनं रीतबीत काही नेली नाही. कडुनिंबाचा पाला नेला, पोरांची खरजेनं भरलेली बोटं उकळलेल्या पाण्यानं धुतली आणि बायांच्या काचा लावलेल्या ओढण्या मांडीवर घेऊन बसली. तुमचा हा टाका वळतो ना, तसाच हा 'व' वळतो, असं तिचं शिकवणं. नायकणीची धाकटी लेक पाटीवर आपलं नाव काढू लागली, तेव्हा नायकणीनं ती पाटी तांडाभर फिरवून दाखवली. सगळी गर्दी बायकोपाशी. माझ्या वर्गात, खोटं कशाला सांगू, बऱ्याचदा शेळ्या असायच्या.

पाऊस सरला आणि घाट सीताफळांनी लगडला. तांड्याच्या बाया ती टोपल्यांनी धारूरच्या बाजारात नेत, त्यावर त्यांचा हिवाळ्याचा दाणागोटा भागे. त्या वर्षी जंगलाचा नवा चौकीदार आला आणि वाटेत उभा राहून टोपल्याच काढून घेऊ लागला. पुरुष पुढे झाले की चोरीच्या आळात अडकवायची धमकी. नायक म्हणाला, तांडा उठवू, दुसरा डोंगर बघू. नायकणीनं लेकीकडे बघितलं. दुसऱ्या डोंगरावर हिला पाटी कोण देणार, एवढंच ती म्हणाली, आणि मग म्हणाली, आमी बायाच जातो तहसीलदाराकडं.

इथं मला चेव आला. कचेरीत बोलायचं म्हणजे उर्दू पाहिजे, आणि उर्दू म्हणजे मी. मी झकास भाषण रचलं. त्यात हुजुरांचं इकबाल, म्हणजे भाग्य-प्रताप, होतं, गरिबांची फरियाद होती, जंगलातल्या फळाला अल्लाची देणगी म्हटलेलं होतं. नायकणीला ते पाठ करायला लावलं. ती सरपण मोडता मोडता म्हणायची आणि 'इकबाल' आलं की अडायची. पोरांना मात्र ते असं पाठ झालं की शेळ्या हाकतानाही हुजूर हुजूर चालायचं.

ठरल्या दिवशी सगळ्या बाया उरलीसुरली सीताफळं घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेल्या, सोबत मी आणि बायको. नायकणीची बहीणही होती. फळांच्या दिवसांत मदतीला म्हणून ती आधीच येऊन राहिली होती. शिपायानं आम्हाला लिंबाखाली बसवलं. साहेब कामात आहेत. दुपार कलली तरी साहेब कामातच होते. चौकीदार ओसरीवर पान खात बसला होता आणि आमच्याकडे बघून शिपायाशी काहीतरी बोलून हसत होता. शेवटी शिपाई म्हणाला, उद्या या.

मी नायकणीला धीर देऊ लागलो, की साहेब माणूस भला आहे, फक्त तो बाहेर येत नाही. तिनं ऐकलं, टोपली खाली ठेवली, बहिणीकडे वळली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून जे रडू लागल्या म्हणता. सकाळी एकाच टोपल्यातली भाकर खाऊन निघालेल्या बहिणी त्या. बाकीच्या बायाही जोडीजोडीनं गळ्यात पडल्या. आमची मंडळी नायकणीच्या लेकीला कवटाळून बसली होती, आणि तिचा सूर सगळ्यांच्या वर होता.

तहसीलदार साहेब अनवाणी, उघड्या डोक्यानं ओसरीवर आले. "कौन मर गया?"

कुणी काही बोलायच्या आत चौकीदार उठला. त्याच्या तोंडातलं पान खाली पडलं. "सरकार, मैं सिरफ टोकरे लिया. किसी को हात नई लगाया."

साहेब सावकाश त्याच्याकडे वळले. "कौनसे टोकरे?"

मग टोपल्यांचं सगळं बाहेर आलं, बरंचसं त्याच्याच तोंडून. नायकणीनं डोळे पुसले, ओढणी सारखी केली आणि पुढे झाली. मी मागून 'हुजूर' असं कुजबुजलो. तिनं ऐकलं नाही.

"सायब, मेलं कोन न्हाई. पर ही फळं गेली तर तांडा उठंल, अन् आमच्या पोरींची साळा मरंल. मंग रडायला तुमच्या दारात कवा येनार? मनून आजच रडून घेतलं."

साहेबांनी चौकीदाराला सगळ्यांसमोर बजावलं, की घाटातल्या सीताफळांना आणि या बायांना पुन्हा आडवं जायचं नाही, आणि घेतलेल्या टोपल्या त्यानं स्वतःच्या डोक्यावरून तांड्यात पोचवायच्या. एवढ्यात मला वाटलं, भाषण वाया कशाला घालवा. मी पुढे होऊन सुरुवात केली. इकबालपर्यंत पोचलो असेन. साहेब म्हणाले, "मास्टर साहब, आप भी रो लेते तो काफी था."

परतताना घाटात बाया पुढे हसत चालल्या होत्या. आम्ही दोघं मागं. मी बायकोला म्हणालो की काही म्हण, इतके दिवस त्यांच्याकडून तयारी करून घेतली, तिचा उपयोग झालाच.

बायको सीताफळ खात होती. तिनं बिया थुंकल्या, हात पुसला आणि म्हणाली, "झाला ना. पहिल्या दिवशी पागोटं काढून बसलात, तेवढं त्यांच्या कामी आलं. बाकीचं मी शिकवते. तुम्ही शेळ्या बघा."