वक्त्यांना लावलेला कौल

गड्ड्याची जत्रा उठली की सोलापुरात उन्हाला चेव येतो आणि वक्त्यांनाही. मैदानावरचे पाळणे अजून पुरते उतरलेले नसतात, तोवर चौकाचौकांत व्याख्यानांचे फलक लागतात. यंदा त्यातला एक बरोबर माझ्या दुकानासमोर लागला. जागतिक घडामोडींचा व्याख्यान महोत्सव, चार दिवस, प्रवेश मोफत. वर रणगाड्याचं चित्र आणि त्याच्या शेजारी पेटलेली समई. युद्धाचा कसला आलाय महोत्सव, असं आधी मी मनातल्या मनात फणकारलो. मग मुकाट्यानं तारखा पाहून घेतल्या.

एरवी मी असल्या ठिकाणी फिरकणारा माणूस नव्हे. माझं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. जगात काय चाललंय ते मला सुताच्या भावावरून कळतं आणि तेवढं मला पुरतं. पण या वर्षी घरातच पेच पडला होता. माझी एकुलती एक लेक नर्स आहे. इथल्याच एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात काम करते. तिला आखातातल्या एका मोठ्या इस्पितळात नोकरी मिळाली. मुलाखत झाली, तपासण्या झाल्या, आम्ही गल्लीत पेढेही वाटले. आणि पेढ्यांची चव तोंडात असतानाच तिकडे शेजारच्या देशांत पुन्हा भडका उडाला. टीव्हीवर रोज आकाशात आगीच्या रेघा. बायको बातम्या लागल्या की उठून स्वयंपाकघरात जायची आणि नको तेवढा भांड्यांचा आवाज करायची.

भरती करणाऱ्या मुंबईच्या मंडळींनी सोमवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. येणार की नाही, एवढंच.

लेकीला विचारलं तर ती म्हणाली, “अप्पा, तुमी म्हणाल तसं.”

हे वाक्य ऐकायला फार गोड लागतं. ज्याच्या डोक्यावर पडतं त्यालाच त्याचं वजन कळतं. मी हो म्हणालो आणि तिकडे काही बरंवाईट झालं, तर मी कुठं तोंड लपवू? नाही म्हणालो आणि तिथं काहीच झालं नाही, तर पोरीचं आयुष्य मी इथं खुंटीला टांगून ठेवलं असं होणार. रात्रंदिवस डोकं नुसतं भंडावून गेलं होतं. त्यात तो फलक दिसला. म्हटलं, जे लोक यातच मुरलेत त्यांनाच ऐकावं. ते सांगतील तसं करू.

पहिल्या दिवशी पुण्याचे प्राध्यापक होते. आधी अर्धा तास सत्कार चालला. व्यासपीठावर जो दिसेल त्याच्या खांद्यावर सोलापुरी चादर. घामानं निथळणारे ते प्राध्यापक चादर पांघरून हसत उभे राहिले, तेव्हा मला त्यांची दया आली. पण बोलायला लागले आणि मी सावरून बसलो. माणसानं पडद्यावर नकाशा लावला, काठीनं एकेका देशाला टोचलं आणि सगळं कसं हिशेबात आहे ते समजावलं. कुणालाच मोठं युद्ध नकोय, सगळे एकमेकांना नुसते डोळे वटारून दाखवतायत, तिथली इस्पितळं आपल्या माणसांवर चालतात, त्यांना कुणी हात लावणार नाही. मला इतकं हलकं वाटलं की परत येताना मी गरम भजी बांधून घेतली.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या जाहीर केलं, “जायला काही हरकत नाही. सगळं आटोक्यात आहे.”

लेक भाकरी थापत होती. “बरं,” म्हणाली आणि थापत राहिली. मला वाटलं होतं ती उडी मारेल.

दुसऱ्या दिवशी सैन्यातून निवृत्त झालेले एक अधिकारी. भरदार मिशा, भरदार आवाज. त्यांनी नकाशा वगैरे लावलाच नाही. म्हणाले, सगळं आटोक्यात आहे असं जो म्हणतो त्यानं कधी बंदूक हातात धरलेली नसते. एक ठिणगी, आणि विमानतळ बंद, बंदरं बंद, आत अडकलेली माणसं आत. सभागृहात टाळ्या पडल्या. अडकलेल्या माणसांना टाळ्या कशाला, ते मला कळेना. तिथं प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठवायची पद्धत होती. मी लिहिलं, ‘माझ्या मुलीला तिकडच्या इस्पितळात नोकरी लागली आहे. पाठवू का?’ चिठ्ठी हातोहात पुढं गेली. सूत्रसंचालक बाई एकेक चिठ्ठी उघडून आपल्या शब्दांत वाचत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, “आखाती देशांतील भारतीय मनुष्यबळाच्या सुरक्षिततेकडे आपण कसे पाहता?” अधिकारी त्यावर बराच वेळ बोलले, तेलाच्या टँकरांबद्दल. मी आपला माझी चिठ्ठी कधी निघते याची वाट पाहत बसलो. आभारप्रदर्शन सुरू झालं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की ते मनुष्यबळ म्हणजे माझीच पोर होती.

त्या संध्याकाळी घरी सांगितलं, “नको जाऊ. लई धोका आहे.”

“बरं,” लेक म्हणाली.

कालचं ‘बरं’ आणि आजचं ‘बरं’ यांत मला तसूभर फरक सापडला नाही. हो म्हटलं तरी बरं आणि नाही म्हटलं तरी बरं! मला तिचा राग आला. मी इथं लोकांच्या घामट चादरी बघत बसतोय ते कुणासाठी?

तिसऱ्या दिवशी एक पत्रकार बाई आल्या. या खरोखर तिथं राहून आल्या होत्या, म्हणून माझी सगळी भिस्त त्यांच्यावर. त्यांनी सांगितलं, भोंगा वाजतो, माणसं तळघरात जातात, भोंगा थांबतो, माणसं वर येतात आणि पाव आणायला रांगेत उभी राहतात. लग्नं होतात, पोरं परीक्षा देतात. हे ऐकून मी पुन्हा हो कडे झुकलो. लगेच पुढच्या वाक्याला बाई म्हणाल्या, रस्त्याच्या या बाजूला असाल तर काहीच होत नाही, त्या बाजूला असाल तर काहीच उरत नाही. आणि घोटभर पाणी प्यायल्या. आता इस्पितळ रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे हे मला सोलापुरात बसून कसं कळणार? शेजारचे गृहस्थ “काय अभ्यास आहे!” म्हणत मान डोलवत होते. मला उठून ओरडावंसं वाटलं की अहो, अभ्यास चुलीत घाला, मला एक शब्द सांगा.

घरी आलो ते चपला भिरकावतच. बायकोनं विचारलं, “आज काय म्हणाले?”

“हो पण म्हणाले आणि नाही पण म्हणाले.”

बायको अक्कलकोटच्या बाजूची. फार वैतागली की आधी कानडीत काहीतरी पुटपुटते आणि मग मराठीवर येते. तसंच झालं. म्हणाली, “तुमी तर कौलच लावायलाय की! परवा उजवं फूल पडलं, काल डावं पडलं. आज तर दोन्ही संगंच पडलं.”

तिच्या माहेरी ग्रामदेवाला कौल लावतात. देवाच्या अंगावर पाण्यानं दोन फुलं चिकटवायची आणि मनातला प्रश्न विचारून बसायचं. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. लेकीचं हे प्रकरण सुरू झालं तेव्हा बायको मला गावी चला म्हणत होती. मी तिला झिडकारलं होतं. शिकलेल्या माणसांनी फुलांवर पोरीचं आयुष्य ठरवायचं का, असं मोठ्या तोंडानं म्हणालो होतो. आणि आता पाहतो तर तिन्ही संध्याकाळी मी दुसरं काय करत होतो? फक्त फुलांच्या जागी वक्ते बसवले होते. हसावं की रडावं ते कळेना.

“आणि तुमचा कौल चुकलाच हाय,” ती पुढं म्हणाली. “ज्याचं काम त्यानं देवासमोर बसावं लागतंय. पोरगी घरात भाकरी थापतीय आणि तुमी एकटेच जाऊन बसताय. कसा कौल मिळंल?”

हे मला पटलं. का पटलं ते विचारू नका. कौल मी मानत नव्हतो, पण कौल लावायची पद्धत चुकली हे मात्र मानलं. चौथ्या दिवशी मी लेकीला स्कूटरवर मागं बसवलं आणि घेऊन गेलो. तिनं आढेवेढे घेतले नाहीत. दिवसपाळी करून आली होती, जांभया देत होती.

शेवटचे वक्ते म्हणजे एक निवृत्त राजदूत. वयस्कर, हळू बोलणारे. काय बोलले ते मला आज विचाराल तर एक अक्षर सांगता येणार नाही, कारण मी पूर्ण वेळ लेकीच्या चेहऱ्याकडे तिरक्या नजरेनं पाहत होतो. ती डोळे मिटून ऐकत होती की झोपली होती, देव जाणे. चिठ्ठ्यांची वेळ आली. मी पुन्हा तोच प्रश्न लिहून पाठवला. या वेळी खाली जोडलं, ‘मुलगी इथेच बसली आहे.’ जणू त्यांनी तोंड बघून सांगायचं होतं!

सूत्रसंचालक बाई चिठ्ठ्या उलगडायला लागल्या तोच राजदूतांनी हात पुढं केला. म्हणाले, द्या, मीच वाचतो. दोन-तीन झाल्या आणि माझं अक्षर त्यांच्या हातात आलं. त्यांनी ते जसंच्या तसं वाचलं. एकही शब्द बदलला नाही. माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या.

राजदूत चष्मा काढून म्हणाले, “त्या भागात मी बरीच वर्षं काढली. पण उद्या काय होईल ते मला सांगता येणार नाही. जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.” मी मनात म्हटलं, झालं, हेही फूल तसंच चिकटून बसलं. तेवढ्यात ते पुढं म्हणाले, “मुलगी इथं आहे ना? बेटा, तुला काय वाटतं?”

मला वाटलं, ती मान खाली घालेल. ती उठली. कुणीतरी माईक आणून हातात दिला. सभागृहातली सगळी डोकी वळली. आणि माझी पोर, जी घरात ‘बरं’च्या पुढं जात नव्हती, ती सरळ उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, “मला जायचंय, सर. माझी तयारी आहे.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून एक आजोबा “शाब्बास!” म्हणाले. लोक माझ्याकडे पाहून हसत होते, मीही हसलो, टाळी वाजवली, मग आपण कशाला वाजवतोय म्हणून थांबवली. मला अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी कुणीतरी भर चौकात मुस्काटात दिल्यासारखंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला ठाऊक नव्हतं.

आम्ही बाहेर आलो. दिवे लागले होते. लोक चहाच्या गाड्यावर जगाची वाटणी करत उभे होते. स्कूटरपाशी आलो आणि माझा तोल सुटला.

“एवढ्या लोकांत बोललीस. घरात जीभ नव्हती का? मी चार दिवस वेड्यासारखा हेलपाटे घालतोय!”

“घरात तुमी विचारलंच कुटं, अप्पा?” ती म्हणाली. “पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी तुमच्यावर सोडलं. मग तुमी रोज येऊन सांगतच होता. जा म्हणाला, नको म्हणाला. परत विचारलं नाही.”

मी किल्ली हातात फिरवत राहिलो. राग अजून होता, पण कुणावर ते सापडेना. मग मला वाटलं, आता तरी बापासारखं वागावं. पोरीनं चारचौघांत आपलं म्हणणं मांडलं, सगळं गाव टाळ्या वाजवतंय, आता मीच आडवा पडलो तर कसं दिसेल? मी घसा साफ केला आणि शक्य तितक्या मायेनं म्हणालो, “जा मग. माझं काही म्हणणं नाही. सोमवारी हो कळवून टाक.”

तिच्या चेहऱ्यावर मी हसू शोधत होतो. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि तिचा खालचा ओठ, लहानपणी इंजेक्शनच्या खोलीत थरथरायचा तसा थरथरायला लागला. ओढणी तोंडाला लावून ती रडायला लागली. चहाच्या गाड्यावरचे दोघे-चौघे वळून बघायला लागले.

मला काहीच उमगेना. “अगं, आता काय झालं? तुला जायचंय ना?”

तिनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तेही कळलं नाही. मग ओढणीआडूनच ती म्हणाली,

“मला वाटलं, तुमी नाही म्हणाल. मी काही पण म्हणाले तरी तुमी नाहीच म्हणणार, असं धरूनच चालले होते मी.”

एक शब्द उच्चारायचा होता. नाही म्हणालो असतो तर ती इथंच राहिली असती, उद्यापासून पुन्हा रात्रपाळ्या, भाकऱ्या, बरं. कदाचित तिला तेच हवं होतं. कदाचित नव्हतं. तिच्या तोंडाकडे बघून मला काही ठरवता येईना, आणि या वेळी मधे कुणी वक्ता नव्हता.

तिनं डोळे पुसले, नाक ओढलं आणि स्कूटरवर मागं बसली. मी किक मारली. इंजिन सुरू झालं आणि माझ्या तोंडात तो शब्द आला, ‘नाही’. मी मागं वळलो. मी काय म्हणणार ते तिला कळलं असावं, कारण तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “आता काही बोलू नका, अप्पा. चला.”